अमेरिकेतल्या चार्टर शाळा : लाभ कुणाचा, खर्च कुणाचा?

आजचा विषय अमेरिकेतल्या शाळांचा आहे, पण सुरुवात आपल्या ओळखीच्या एका शब्दापासून करू या. 'चार्टर' म्हणजे सनद. ईस्ट इंडिया कंपनीला ब्रिटिश पार्लमेंट दर वीस वर्षांनी सनद वाढवून देत असे. त्यातल्या १८१३ च्या सनदी कायद्यात हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये बाजूला काढावेत असे कलम होते. शाळेत असताना हे आपण सगळ्यांनी पाठ केलेले आहे. पण सनद म्हणजे नेमके काय, इकडे आपले लक्ष नसते. अधिकार मूळ धन्याचा, काम दुसऱ्याने करायचे, तेही ठरलेल्या मुदतीपुरते आणि ठरलेल्या अटींवर. अटी मोडल्या तर सनद काढून घेता येते. कंपनीच्या बाबतीत ती काढून घ्यायला किती वर्षे लागली आणि तोवर काय काय होऊन गेले, हे इथे सांगायला नको.

चार्टर शाळेची कल्पना हीच. शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, प्रवेश सगळ्यांना खुला असतो. पण ती गावचे शाळामंडळ चालवत नाही. ते काम एक स्वतंत्र संस्था करते, आणि अभ्यासक्रम, वेळापत्रक, शिक्षकांची नेमणूक यांत तिला बरीच मोकळीक असते. त्या बदल्यात तिने निकाल दाखवायचे. नाही दाखवले तर तीन-पाच वर्षांनी सनद संपते.

कुणी म्हणेल, ही तर आपली अनुदानित शाळा! साम्य आहेच. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून आपल्याकडे अनुदान सरकारचे आणि शाळा खासगी संस्थेची अशी रीत आहे. पण दोन फरक ध्यानात ठेवा. आपले अनुदान मुख्यतः मंजूर पदांच्या पगारावर मिळते. तिकडे पैसा मुलाच्या पाठीवर बसून जातो, म्हणजे मूल जिकडे गेले तिकडे त्याच्या वाट्याची रक्कम गेली. दुसरे असे की आपल्या संस्थेची मान्यता सहसा कायमची, तिकडची सनद मुदतीची. पहिल्या फरकातूनच खर्चाचा सगळा तंटा उभा राहतो. त्याकडे पुढे येऊच.

ही कल्पना आली कुठून, तर ज्यांनी पुढे तिच्याविरुद्ध मोर्चे काढले त्यांच्याच घरातून. रे बड नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्राध्यापकाने सत्तरच्या दशकात असा विचार मांडला की शिक्षकांच्या गटाला शाळामंडळाने थेट सनद द्यावी. त्या वेळी कुणी लक्ष दिले नाही. मग ३१ मार्च १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये अल्बर्ट शँकर यांचे भाषण झाले. शँकर म्हणजे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या बड्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. ते जर्मनीत कलोनची एक शाळा पाहून आले होते. तिथे शिक्षकांची तुकडी तीच मुले अनेक वर्षे सांभाळते आणि काय, कसे शिकवायचे हे स्वतः ठरवते. शँकर म्हणाले, अशा शिक्षकांना शाळेतच वेगळी शाळा काढू द्या, पाच-दहा वर्षे द्या, आणि जे साधेल ते बाकीच्या शाळांनी उचलावे. थोडक्यात प्रयोगशाळा, स्पर्धक दुकान नव्हे.

१९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला. राज्यभरात फक्त आठ शाळांची परवानगी होती. ७ सप्टेंबर १९९२ रोजी सेंट पॉल शहरात 'सिटी अकॅडमी' उघडली, शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि मग रांगच लागली. क्लिंटन यांच्या काळात केंद्राचा पैसाही मिळू लागला. डेमोक्रॅट म्हणत, गरीब मुलांना संधी. रिपब्लिकन म्हणत, सरकारी मक्तेदारीला आव्हान. दोघांना एकाच वेळी आवडणारी गोष्ट वेगाने वाढते. शँकर मात्र लवकरच दूर झाले. कंपन्या शाळा चालवायला पुढे येऊ लागल्या तसे ते उघड टीकाकार झाले. २०२१ च्या शरदात सरकारी आकड्यांप्रमाणे चार्टर शाळा सुमारे ७,८०० आणि मुले सुमारे ३७ लाख होती. म्हणजे सार्वजनिक शाळांतल्या मुलांपैकी साधारण सात टक्के.

आता मुख्य प्रश्न. यातून जनतेला काय मिळाले आणि काय मोजावे लागले?

'काय मिळाले' यावर अमेरिकेत ढिगाने अभ्यास झालेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'क्रेडो' केंद्राने २००९ मध्ये पंधरा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन इथले आकडे मांडले. गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के वाईट, आणि उरलेल्या ४६ टक्क्यांत फरक दिसेना. २०२३ च्या अहवालात सरासरी चार्टरच्या बाजूने झुकली, पण थोडीच. त्यांच्या हिशोबाने वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या शिक्षणाइतका फायदा, गणितात सहा दिवसांचा. हे 'दिवस' म्हणजे परीक्षेच्या गुणांचे केलेले रूपांतर आहे. त्यांना कॅलेंडरचे दिवस समजू नका.

आम्हाला यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते बॉस्टन. तिथे चार्टर शाळांना जागांपेक्षा कितीतरी जास्त अर्ज येत, त्यामुळे सोडत काढावी लागे. आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत आपल्याकडच्या पालकांना माहीत आहे. नाव लागले तर पेढे, नाही तर पुन्हा पुढच्या वर्षी. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सोडतीचा उपयोग केला. नाव लागलेली आणि न लागलेली मुले सारख्याच घरांतली, दोन्हीकडच्या पालकांना शाळा हवीच होती, फरक फक्त चिठ्ठीचा. मग निकालातला फरक शाळेचाच म्हणावा लागतो. २०११ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बॉस्टनच्या चार्टर शाळांत गेलेल्या मुलांची गणितातली झेप खरोखर मोठी होती, आणि ही मुले बहुतांशी कृष्णवर्णीय व लॅटिनो गरीब घरांतली होती. अँग्रिस्ट यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशाच नैसर्गिक प्रयोगांतून कारण शोधण्याच्या पद्धतीसाठी. पण याच मंडळींनी हेही दाखवले की त्याच राज्यात शहराबाहेरच्या चार्टर शाळांचा असा फायदा दिसत नाही. मग 'चार्टर शाळा चांगल्या की वाईट' हा प्रश्नच थोडा फसवा ठरतो. सनद हा कागद आहे. शाळा त्यावर काय उभारते, कुठल्या मुलांसाठी उभारते आणि सनद देणारा किती कडक आहे, यावर सगळे अवलंबून.

पण हे झाले वहीचे एक पान. दुसऱ्या पानावर, म्हणजे जे मूल गेले नाही त्याच्या पानावर, फार कमी लोकांनी लिहिले आहे.

समजा, एका शाळेत वीस वर्ग आहेत. त्यातून पन्नास-साठ मुले चार्टर शाळेत गेली. ती काही एकाच वर्गातून उठून जात नाहीत. प्रत्येक वर्गातून दोन-तीन जातात. वर्ग तीसचा सत्तावीसचा झाला. शिक्षक कमी करता येत नाही. छप्पर तेच, थंडीत तापवायची इमारत तीच, बसचा मार्ग तोच, निवृत्त शिक्षकांचे पेन्शनही तेच. पण साठ मुलांचे पैसे मात्र पूर्णच्या पूर्ण गेले. उत्पन्न लगेच घटते, खर्च घटायला वर्षे लागतात. आपल्याकडे पटसंख्या घसरली की संचमान्यतेत पद जाते, शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि समायोजनाच्या फेऱ्या सुरू होतात. ते ज्यांनी भोगले आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

हेलन लॅड आणि जॉन सिंगलटन या अर्थतज्ज्ञांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यातला हा भार मोजला. डरहॅम शहरात तो जिल्ह्याच्या शाळेत राहिलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ५०० ते ७०० डॉलर निघाला. कॅलिफोर्नियात ओकलंड जिल्ह्यासाठी २०१८ च्या एका अहवालाने वर्षाला ५ कोटी ७३ लाख डॉलरचा आकडा दिला. हा अहवाल खासगीकरणाला विरोध करणाऱ्या गटाचा आहे, हे सांगायला हवे. चार्टरचे समर्थक उलट विचारतात, मुले कमी झाली तर शाळा बंद करा, खर्च आपोआप उतरेल. कागदावर बरोबर आहे. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये ओकलंडच्या शाळामंडळाने खरोखरच काही शाळा बंद करायचे ठरवले, तेव्हा पालक आणि मुले रस्त्यावर आली, एका शाळेतल्या दोघांनी उपोषण केले. ज्या वस्तीतली शाळा बंद होते, तिथल्या लोकांना विचारा 'स्थिर खर्च' म्हणजे काय.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. ज्या मुलांना विशेष मदत लागते त्यांचा खर्च जास्त. २००९-१० साली अपंगत्व असलेल्या मुलांचे प्रमाण नेहमीच्या सार्वजनिक शाळांत सुमारे ११ टक्के आणि चार्टर शाळांत सुमारे ८ टक्के होते, हे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले आहे. तीन टक्के ऐकायला कमी वाटतात. शाळेच्या अंदाजपत्रकात ते कमी नसतात.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शिक्षणावरचा पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि त्याचा लाभ वरचे वर्ग घेतात, हा त्यातला मुद्दा आपण जाणतो. तो प्रश्न इथे विचारून पाहिला की उत्तर जरा अवघड येते. बॉस्टनमध्ये लाभ घेणारा वरच्या वर्गातला नाही. चिठ्ठी लागलेली मुलगी आणि न लागलेली मुलगी एकाच गल्लीत, कधी एकाच इमारतीत राहतात. एकीचा लाभ खरा आहे. पण तिच्यामागे गेलेला पैसा भरून निघाला नाही तर त्याची झळ दुसरीला लागते. गरिबाच्या एका मुलाच्या संधीची किंमत गरिबाच्याच दुसऱ्या मुलाने का द्यावी? आमच्या मते या विषयातला कळीचा प्रश्न हा आहे, आणि तो शाळेच्या गुणवत्तेचा नाही, कायदा कसा लिहिला त्याचा आहे.

याला पुरावाही आहे. मॅसॅच्युसेट्सने कायद्यात परतावा ठेवला होता. मुले चार्टर शाळेत गेली की राज्य काही वर्षे जिल्ह्याला नुकसानीचा काही भाग देणार, पहिल्या वर्षी सर्वात जास्त. अशा परिस्थितीत चार्टर शाळा वाढल्या तेव्हा जिल्ह्याच्या शाळांत दर मुलामागचा खर्च उलट वाढला, पैसा प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळला आणि मागे राहिलेल्या मुलांच्या गणितातही किंचित सुधारणा दिसली, असे रिडली आणि तेरिए या संशोधकांना आढळले. म्हणजे दोन्ही मुलींना लाभ होऊ शकतो, मधली तूट कुणीतरी भरली तर. गोम अशी की विधिमंडळाने कित्येक वर्षे हा परतावा पूर्ण दिलाच नाही. (आरटीईच्या शुल्कप्रतिपूर्तीची थकबाकी आठवली असेल. सरकारे सगळीकडे सारखीच.) नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे सार्वमत झाले. वर्षाला आणखी बारा चार्टर शाळांना परवानगी द्यावी का? देशातल्या सर्वोत्तम चार्टर शाळा ज्या राज्यात, तिथल्या ६२ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले. या मतदारांना अडाणी म्हणणारे लेख तेव्हा निघाले होते. आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या गावच्या शाळेचे पैसे जातात आणि भरपाई अपुरी येते, हे त्यांना दिसत होते.

आता ओहायोकडे वळू, कारण सनदेची दुसरी बाजू तिथे दिसते. देणाऱ्याने पाहिलेच नाही तर? तिथे २००० साली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो' नावाची ऑनलाइन चार्टर शाळा निघाली आणि देशातल्या सर्वात मोठ्या शाळांपैकी एक झाली. २०१५-१६ साली शाळेने पटावर सुमारे १५,३०० पूर्णवेळ मुले दाखवली. राज्याने मुले संगणकावर किती वेळ बसली याच्या नोंदी मागितल्या, तेव्हा हिशोब लागला सुमारे ६,३०० चा. त्या एका वर्षाचे ६ कोटी डॉलर परत करा असा आदेश निघाला. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्ये, शाळा बंद पडली आणि सुमारे १२,००० मुलांना नवी शाळा शोधावी लागली.

हसू नका. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात तीन दिवसांची पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले आपल्याकडेही सापडली. जिथे डोके मोजून पैसा मिळतो, तिथे डोकी वाढवण्याचा मोह होतो. हा अमेरिकेचा किंवा चार्टरचा खास दोष नाही. फरक इतकाच की ऑनलाइन शाळेत जाऊन डोके मोजायला वर्गच नसतो. अशा शाळांबद्दल 'क्रेडो'चा २०१५ चा निष्कर्ष असा होता की त्यांतली मुले गणितात वर्षाला १८० दिवसांनी मागे पडली. अमेरिकेत शाळेचे वर्षच १८० दिवसांचे असते.

शेवटी न्यू ऑर्लिन्स. एवढा मोठा प्रयोग दुसरीकडे कुठेही झालेला नाही.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ आले. त्याआधीही शहराच्या शाळांची अवस्था दयनीय होती. निकाल राज्यात तळाला होते आणि भ्रष्टाचार इतका की शाळामंडळाच्या मुख्यालयातच एफबीआयने खोली थाटली होती. नोव्हेंबरमध्ये लुइझियाना राज्याने कायदा करून शहरातल्या शंभरावर शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू चार्टर संस्थांकडे दिल्या. सुमारे ७,५०० कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढले, त्यांत चार हजारांवर शिक्षक. लोक अजून दुसऱ्या राज्यांत नातलगांकडे, छावण्यांत होते. कित्येकांचे घर गेले होते, मग नोकरीही गेली. त्यांनी खटला भरला. खालच्या कोर्टांत जिंकले, २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. वादळापूर्वी शिक्षकांपैकी सुमारे ७१ टक्के कृष्णवर्णीय होते, २०१४ मध्ये ते ५० टक्क्यांच्या खाली आले. त्या शहरात शिक्षकी हा कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा, विशेषतः स्त्रियांचा, कणा होता. हा खर्च शाळेच्या कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

आणि तरी निकाल सुधारले. टुलेन विद्यापीठाचे डग्लस हॅरिस यांनी अनेक वर्षे यावर काम केले. गुण वाढले, शाळा पूर्ण करणारे वाढले, कॉलेजात जाणारे वाढले. खर्चाकडेही त्यांच्या गटाने पाहिले. दर मुलामागे खर्च इतर तुलनीय जिल्ह्यांच्या मानाने १३ टक्क्यांनी वाढला. कारभारावरचा खर्च ६६ टक्क्यांनी चढला आणि शिकवण्यावरचा १० टक्क्यांनी उतरला. स्पर्धेने खर्च कमी होतो असे सांगितले गेले होते. इथे प्रत्येक संस्थेला आपला संचालक, आपला हिशोबनीस, आपला बसठेकेदार लागला. लाल चड्डी आणि निळा शर्ट घातलेली मुले घेऊन एक बस शहराच्या या टोकाला जाते आणि दुसऱ्या रंगाचे गणवेश घेऊन दुसरी बस उलट दिशेने येते, असे काहीसे.

पहिली काही वर्षे तर पालकांना दर शाळेत जाऊन वेगळा अर्ज भरावा लागे, आणि अपंग मुलांना नाकारले जाते म्हणून २०१० मध्ये खटला झाला. मग २०१२ पासून एकच सामायिक अर्ज आला. शिस्तभंगासाठी मुलांना काढून टाकण्याचे निर्णय एका ठिकाणी होऊ लागले. २०१८ मध्ये शाळा निवडून आलेल्या स्थानिक मंडळाच्या देखरेखीखाली परत आल्या, पण चालवायच्या चार्टर संस्थांनीच. बघा, जे जे दुरुस्त करावे लागले ते सगळे मध्यवर्ती, सार्वजनिक काम होते. बाजार मोकळा सोडून हे झाले नाही.

चार्टर शाळा सार्वजनिक की खासगी, हे अमेरिकेतही अजून पक्के नाही. ओक्लाहोमात एका कॅथलिक चार्टर शाळेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ मे २०२५ रोजी न्यायाधीश चार-चार असे विभागले गेले, आणि त्यामुळे ती शाळा नामंजूर करणारा राज्याच्या न्यायालयाचा निकाल कायम राहिला. देशाला लागू होईल असे उत्तर त्यातून निघाले नाही.

न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र २०२४ च्या ऑगस्टमध्ये एक लहानशी गोष्ट घडली. एका चार्टर शाळेची सनद संपली, आणि तिच्या जागी शाळामंडळाने दुसरी संस्था न शोधता स्वतःच शाळा उघडली. तिला लेआ चेस या शहरातल्या नामवंत पाककर्तीचे नाव दिले. सगळे शहर चार्टर झाल्यानंतर मंडळाने थेट चालवायला घेतलेली ही पहिली शाळा. ज्या कार्यालयाने वर्षानुवर्षे फक्त सनदा दिल्या आणि काढल्या, त्याला आता पुन्हा स्वतः मुख्याध्यापक नेमायचे होते, पगार काढायचे होते, बस आणि दुपारचे जेवण ठरवायचे होते.